सही करण्याआधी: अमेरिकेतलं सरकारी संशोधन, गरोदर बाई आणि तिचं बाळ

"ताई, हे औषध आहे की प्रयोग?"

मध्यरात्र उलटून गेली होती. मी फोनवर दुभाषी म्हणून जोडलेली होते. पलीकडे अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलची प्रसूती खोली, तेविसाव्या आठवड्यात कळा सुरू झालेली मुलगी, तिचा नवरा आणि संमतीपत्र घेऊन उभी असलेली संशोधन समन्वयक. प्रश्न मला विचारला होता, पण उत्तर देण्याचा अधिकार मला नव्हता. दुभाष्याने पदरचं काही बोलायचं नसतं. मी तिचा प्रश्न इंग्रजीत सांगितला आणि आलेलं उत्तर मराठीत सांगितलं. उत्तर खरं होतं, पण कळा सोसणाऱ्या बाईला उमगेल असं नव्हतं.

तेव्हा जे बोलता आलं नाही ते इथे लिहिते आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मुलींसाठी, त्यांच्या नवऱ्यांसाठी आणि लेकीच्या बाळंतपणाला म्हणून तिकडे गेलेल्या आयांसाठीही. मी वकील नाही. पण हे नियम मी अनेकदा वाचले आहेत आणि ते कुठे उपयोगी पडतात, कुठे अपुरे पडतात हे जवळून पाहिलं आहे.

पहिली पायरी: पैसा कोणाचा ते शोधा

सगळं इथून सुरू होतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमावलीत शीर्षक ४५, भाग ४६ आहे. त्याचे उपभाग आहेत. उपभाग 'ए' सगळ्यांसाठी असून त्याला 'कॉमन रूल' म्हणतात. उपभाग 'बी' गरोदर बाई, गर्भ आणि नवजात बाळ यांच्यासाठी, तर उपभाग 'डी' मुलांसाठी आहे. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने स्वतः केलेल्या किंवा पैसा पुरवलेल्या संशोधनाला उपभाग 'बी' लागू होतो. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ म्हणजे एनआयएच आणि रोगनियंत्रणाचं काम करणारी सीडीसी या त्याच खात्याच्या संस्था.

संशोधन फक्त औषध कंपनीच्या पैशाने चालत असेल, तर त्यावर एफडीएचे, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेचे, नियम चालतात. त्यांत मुलांसाठी वेगळा उपभाग आहे, पण गरोदर बाईसाठी असा वेगळा उपभाग नाही. म्हणून संमतीपत्रावर 'प्रायोजक' किंवा 'निधी' असं जिथे लिहिलं असेल ती ओळ आधी वाचा. ती सापडली नाही, तर क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या सरकारी नोंदणीत संशोधनाचं नाव घालून पाहा. तिथे प्रायोजक आणि सहयोगी दोन्ही दिलेले असतात. तरीही शंका राहिली तर सरळ विचारा: "या संशोधनाला उपभाग 'बी' लागू आहे का?" काही संस्था हेच नियम आपल्या सगळ्या संशोधनाला लावतात. विचारल्याशिवाय ते कळत नाही.

हे नियम आले कुठून, तेही थोडक्यात सांगते. १९४० च्या दशकात टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये आठशेहून अधिक गरोदर बायकांना किरणोत्सारी लोह घातलेलं पेय देण्यात आलं. पोटातलं बाळ लोह किती शोषून घेतं ते पाहायचं होतं. आपण काय पितो आहोत, हे त्या बायकांना माहीत नव्हतं. १९७२ मध्ये अलाबामा राज्यातल्या टस्कीगीतलं प्रकरण उघडकीला आलं: सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता त्यांचा आजार फक्त पाहत राहिले होते. त्यानंतर १९७४ मध्ये नॅशनल रिसर्च अ‍ॅक्ट झाला आणि १९७५ मध्ये उपभाग 'बी' आला. आजचं त्याचं रूप २००१ मधलं आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गरोदर बायकांना संशोधनातून सरसकट वगळलं, तर त्यांना कोणतं औषध चालतं हे कोणालाच कळत नाही. १९९४ मध्ये एनआयएचच्या पैशाने झालेल्या चाचणीत एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांना झिडोव्ह्यूडिन हे एचआयव्हीवरचं औषध दिलं, तेव्हा बाळाला लागण होण्याचं प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आलं. त्या बायका संशोधनात उतरल्या नसत्या तर हे कळलं नसतं. म्हणून 'संशोधन' हा शब्द ऐकताच घाबरून नाही म्हणू नका आणि डॉक्टर सांगतात म्हणून लगेच होही म्हणू नका.

दुसरी पायरी: कायदा कोणाला गरोदर मानतो

गर्भ गर्भाशयात रुजल्यापासून प्रसूतीपर्यंतचा काळ म्हणजे गरोदरपण. पाळी चुकण्यासारखं लक्षण दिसलं, तर चाचणी निगेटिव्ह येईपर्यंत बाई गरोदर आहे असंच धरायचं, असं नियम सांगतो. तुम्ही आधीपासून एखाद्या संशोधनात असाल आणि पाळी चुकली तर त्याच दिवशी कळवा.

तिसरी पायरी: फायदा कोणाला? यावरून सही कोणाची ते ठरतं

संमतीपत्र पंधरा-वीस पानांचं असतं. सगळं वाचायला वेळ नसेल तर एक प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत सोडू नका: "यात थेट फायदा होण्याची शक्यता कोणाला आहे? मला, बाळाला, दोघांना, की कोणालाच नाही?"

फायदा आईला किंवा आई आणि गर्भ दोघांना होण्याची शक्यता असेल, तर एकट्या आईची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. सासू-सासऱ्यांची, वडिलांची परवानगी तर कायदा कुठेच मागत नाही. थेट फायदा कोणालाच नसेल, तर गर्भाला असलेली जोखीम 'किमान' पातळीपलीकडे जाता कामा नये आणि मिळणारं ज्ञान महत्त्वाचं असून दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळणारं नसावं. तिथेही आईचीच संमती लागते.

फायदा फक्त गर्भाला होण्याची शक्यता असेल, तर मात्र आई आणि बाळाचे वडील, दोघांची संमती लागते. उदाहरणार्थ, बाळ पोटात असतानाच पाठीच्या कण्यातली फट शिवण्याची शस्त्रक्रिया. एनआयएचच्या पैशाने २००३ ते २०१० या काळात या शस्त्रक्रियेची मोठी चाचणी झाली. दोनशे जणींचं नियोजन होतं, पण फायदा इतका स्पष्ट दिसला की १८३ वर ती थांबवली. अशा शस्त्रक्रियेत फायदा बाळाचा आणि टाके आईच्या गर्भाशयाला. लवकर कळा येण्याचा धोका आणि पुढच्या बाळंतपणात गर्भाशयाच्या व्रणाची काळजी हे सगळं आईच्या वाट्याला. इथे 'फक्त गर्भाला फायदा' या तीन शब्दांमागे आईचं केवढं शरीर उभं असतं ते विसरू नका.

वडिलांच्या सहीला अपवाद आहेत. ते उपलब्ध नसतील, संमती देण्यास असमर्थ असतील (तात्पुरते असले तरी), किंवा गर्भधारणा बलात्कारातून वा निषिद्ध नात्यातल्या संबंधातून झाली असेल, तर त्यांची संमती लागत नाही. नियमातला शब्द 'वडील' असा आहे, 'नवरा' असा नाही. लग्न झालं आहे की नाही याचा इथे संबंध नाही.

माझं मत विचाराल तर ही अट जुनी झाली आहे. बाळ जन्मल्यावर त्याच्या फायद्याच्या संशोधनाला एका पालकाची सही पुरू शकते, पण तेच बाळ आईच्या पोटात असताना दोन सह्या लागतात. सरकारनेच नेमलेल्या, गरोदर आणि स्तनदा स्त्रियांवरील संशोधनाचा विचार करणाऱ्या कार्यगटाने २०१८ च्या अहवालात ही अट मुलांच्या नियमाशी जुळवून घ्यावी असं सुचवलं होतं. आईच्या शरीराचा निर्णय आईचा, हे त्यांनाही पटलं होतं.

मुलगी अल्पवयीन असेल तर तिची स्वतःची तयारी आणि पालकांची परवानगी असे दोन्ही मुद्दे उपभाग 'डी'प्रमाणे येतात. अल्पवयीन कोणाला म्हणायचं, हे राज्याच्या कायद्यावर अवलंबून असतं.

चौथी पायरी: जोखीम मोजायला लावा

'मिनिमल रिस्क' या शब्दांचं मी मराठीत 'किमान जोखीम' करते आणि दर वेळी वाटतं की समोरच्याला 'जवळजवळ नाहीच' असं ऐकू गेलं. कायद्यातला अर्थ नेमका आहे: रोजच्या जगण्यात किंवा नेहमीच्या तपासणीत जेवढा त्रास किंवा धोका असतो, तेवढाच. प्रश्नावली भरून घेणं यात बसतं. पोटात सुई घालून गर्भाभोवतीचं पाणी काढणं बसणार नाही.

'प्रॉस्पेक्ट ऑफ डायरेक्ट बेनिफिट'चंही तसंच. मी म्हणते 'थेट फायदा होण्याची शक्यता' आणि घरच्यांना ऐकू येतं 'फायदा होईल'. तुम्ही मुद्दाम विचारा: "शक्यता कशावरून म्हणता?" कारण नियमाची पहिलीच अट ही आहे की शास्त्रीयदृष्ट्या योग्य असेल तिथे आधी प्राण्यांवर, गाभण प्राण्यांवरसुद्धा, आणि मग गरोदर नसलेल्या बायकांवर अभ्यास झालेले असावेत आणि त्यांतून जोखमीचा अंदाज मिळालेला असावा. ते अभ्यास झाले का आणि त्यांत काय दिसलं, हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. समोरच्याकडे उत्तर असायलाच हवं.

आणखी एक अट अशी की उद्दिष्ट गाठायला लागेल त्याहून जास्त जोखीम घ्यायची नाही. "रक्त चार वेळा का? दोनदा घेऊन भागणार नाही का?" हा प्रश्न याच कलमातला आहे.

पाचवी पायरी: तीन भिंती ओळखून ठेवा

इथे नियम एकदम ताठ आहेत. गर्भपात करावा म्हणून पैसे किंवा दुसरं कुठलंही आमिष दाखवायचं नाही. गर्भपात केव्हा, कसा, कोणत्या पद्धतीने करायचा या निर्णयात संशोधन करणाऱ्यांचा हात असता कामा नये. आणि जन्मलेलं बाळ जगण्याइतकं सक्षम आहे की नाही, हे ठरवताना संशोधन करणारी माणसं त्यात नकोत.

तिसरी भिंत लोकांच्या लक्षात येत नाही. लहान गावातल्या हॉस्पिटलात नवजात विभागाचे डॉक्टर मोजकेच असतात आणि कधी कधी उपचार करणारा आणि संशोधन करणारा एकच असतो. तेव्हा "बाळाची तब्येत कोण ठरवणार? ती व्यक्ती या संशोधनात आहे का?" हे आधीच विचारून ठेवा. बाळ जन्मल्यावर ते विचारायचं भान राहत नाही.

सहावी पायरी: बाळ जन्मल्यावर कोणता नियम लागू होतो

कायदा नवजात बाळांचे तीन गट करतो. उपलब्ध उपचार मिळाले तर स्वतःच्या बळावर हृदयाचे ठोके आणि श्वास चालू ठेवू शकेल ते सक्षम बाळ. ते कायद्याने 'मूल' ठरतं आणि त्याला उपभाग 'ए' आणि 'डी' लागतात. किमान जोखमीच्या किंवा बाळाला थेट फायदा होण्याची शक्यता असलेल्या संशोधनात एका पालकाची परवानगी पुरेशी आहे असं संशोधनाला मंजुरी देणारी समिती (आयआरबी) ठरवू शकते. बाळाला थेट फायदा नसेल आणि जोखीम किमानपेक्षा थोडीही जास्त असेल, तर साधारणपणे दोघांची परवानगी लागते.

बाळ जगेल की नाही हे अजून स्पष्ट नसेल, तर दोनच वाटा आहेत. एक तर संशोधनामुळे बाळ जगण्याची शक्यता वाढावी आणि जोखीम शक्य तितकी कमी असावी. नाही तर संशोधनामुळे बाळाच्या जोखमीत कणभरही भर पडू नये. इथे आई किंवा वडील, कोणा एकाची संमती पुरते.

आणि जे बाळ जिवंत आहे पण तगणार नाही, त्याच्यासाठी कायदा सगळ्यात कडक आहे. हे वाचताना माझा गळा दाटतो. संशोधनासाठी त्याचा श्वास किंवा ठोके कृत्रिमपणे लांबवायचे नाहीत. संशोधनाने ते थांबवायचेही नाहीत. जोखमीत भर घालायची नाही. आई-वडील दोघांची संमती हवी. एक जण संमती देऊ शकत नसेल तर दुसऱ्याची पुरते, आणि गर्भधारणा बलात्कारातून किंवा निषिद्ध नात्यातल्या संबंधातून झाली असेल तर वडिलांची लागत नाही. पण पालकांच्या वतीने तिसऱ्या कोणी प्रतिनिधीने दिलेली संमती चालत नाही. अशा वेळी नाही म्हटलं म्हणून कोणीही तुमच्यावर दबाव आणू शकत नाही.

नियम कागदावर असून काय चुकू शकतं, त्याचं एक उदाहरण सविस्तर सांगते. २००५ ते २००९ या काळात एनआयएचच्या पैशाने 'सपोर्ट' नावाचं संशोधन झालं. २४ ते २७ आठवड्यांत जन्मलेली १,३१६ बाळं त्यात होती. चिठ्ठी काढावी तसं ठरायचं: एका गटात रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ८५ ते ८९ टक्क्यांच्या आत राखायचं, दुसऱ्यात ९१ ते ९५ च्या आत. दोन्ही पातळ्या तेव्हाच्या नेहमीच्या उपचारातल्याच होत्या. निकाल आला तेव्हा कमी ऑक्सिजनच्या गटात डोळ्याच्या पडद्याचा गंभीर आजार ८.६ टक्के होता, जास्तच्या गटात १७.९. पण मृत्यू कमीच्या गटात १९.९ टक्के आणि जास्तच्या गटात १६.२. मार्च २०१३ मध्ये सरकारच्या देखरेख कार्यालयाने लिहिलं की आंधळेपणा, मेंदूची हानी आणि मृत्यू यांची वाजवीपणे दिसू शकणारी जोखीम संमतीपत्रांत पालकांना सांगितली गेली नव्हती. अनेक नामवंत डॉक्टरांनी या मताला विरोध केला. बाळं नेहमीच्याच उपचारांत होती, असं त्यांचं म्हणणं होतं. तो वाद अजूनही चालू आहे.

मी त्यातून एक प्रश्न उचलला: "माझं बाळ या संशोधनात नसतं, तर डॉक्टरांनी काय केलं असतं आणि आता त्यात काय बदलेल?" उपचार तेच असले, तरी बाळाकडे पाहून निर्णय घेणं आणि चिठ्ठीने निर्णय होणं यांत फरक आहे. तो फरक तुम्हाला साध्या शब्दांत सांगितला गेलाच पाहिजे.

सातवी पायरी: संमतीपत्र हातात घेतल्यावर

२०१८ च्या सुधारित कॉमन रूलप्रमाणे सगळ्यात महत्त्वाची माहिती संमतीपत्राच्या सुरुवातीलाच, थोडक्यात यायला हवी. ती नसेल तर "मुख्य मुद्दे कुठे आहेत?" असं विचारा.

माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळायला हवी. पूर्ण भाषांतर तयार नसेल, तर छोट्या संमतीपत्राची सोय आहे: माहिती तोंडी सांगायची, साक्षीदार हजर हवा, छोटं संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं आणि काय सांगितलं त्याचा समितीने मंजूर केलेला सारांश तुम्हाला द्यायचा. मराठीसाठी दुभाषी मागा. नवऱ्याला इंग्रजी येतं म्हणून दुभाष्याला नको म्हणू नका. घरचं माणूस भाषांतर करताना आपल्या काळजीने वाक्य मऊ करतं. मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की शपथेवर सांगेन.

'स्टडी'चं भाषांतर कोणी 'अभ्यास' असं केलं तर ते फार निरुपद्रवी वाटतं. मनातल्या मनात त्या जागी 'प्रयोग' घालून वाक्य परत वाचा.

इजा झाली तर काय, हे कलम शोधा. जोखीम किमानपेक्षा जास्त असेल तर भरपाई किंवा उपचार मिळतील का, हे सांगणं बंधनकारक आहे. भरपाई देणं मात्र केंद्राच्या या नियमांनी बंधनकारक केलेलं नाही. म्हणून "उपचारांचा खर्च तुमच्या विम्याकडे पाठवला जाईल" असं वाक्य सापडलं तर त्याखाली रेघ मारा. कायदेशीर हक्क सोडून देण्याची अट मात्र संमतीपत्रात घालताच येत नाही.

गुप्ततेचं कलमही वाचा. २०१७ पासून एनआयएचच्या पैशाने चालणाऱ्या, ओळख उघड करू शकेल अशी संवेदनशील माहिती गोळा करणाऱ्या संशोधनाला 'सर्टिफिकेट ऑफ कॉन्फिडेन्शियालिटी' आपोआप मिळतं. त्यामुळे न्यायालयाने मागितली तरी ती माहिती तुमच्या संमतीशिवाय द्यायची नसते. पण मुलांवरच्या अत्याचाराची सूचना देण्यासारखी कायद्याने सक्तीची कामं यातून सुटत नाहीत. गरोदरपणात घेतलेली औषधं, दारू, आधीचा गर्भपात असे प्रश्न येणार असतील तर विचारा: "हे माझ्या हॉस्पिटलच्या नोंदीत जाणार का?"

आणि हवं तेव्हा बाहेर पडता येतं. कारण द्यावं लागत नाही आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. एक मात्र लक्षात ठेवा: काही औषधं एकदम बंद करणं धोक्याचं असतं. बाहेर पडायचं ठरलं तर ते कसं करायचं, हे डॉक्टरांना विचारून करा.

आठवी पायरी: वार, नाळ, रक्ताचे थेंब

प्रसूतीनंतर वार किंवा इतर ऊती संशोधनाला वापरायच्या असतील तर केंद्र, राज्य आणि स्थानिक कायदे पाळावे लागतात. त्यासोबतच्या माहितीवरून तुमची ओळख पटत असेल तर तुम्हीही त्या संशोधनातली सहभागी व्यक्ती ठरता आणि संमतीचे नियम तुम्हालाही लागतात. बाळाच्या टाचेतून तपासणीसाठी घेतलेले रक्ताचे थेंब पुढे किती वर्षं ठेवतात, हे राज्याराज्यांत वेगळं आहे. आपल्या राज्याच्या आरोग्य विभागाला विचारता येतं.

नववी पायरी: काही खटकलं तर

आधी प्रमुख संशोधकाशी बोला. त्याचा फोन नंबर संमतीपत्रावर असतो. समाधान झालं नाही तर आयआरबीकडे जा. ही संशोधनाला मंजुरी देणारी समिती. तिच्यात किमान पाच जण असतात, एक जण तरी विज्ञानाबाहेरचा आणि एक जण तरी त्या संस्थेशी संबंध नसलेला असावा लागतो. तिथेही दाद लागली नाही तर आरोग्य खात्याचं ऑफिस फॉर ह्यूमन रिसर्च प्रोटेक्शन्स, म्हणजे ओएचआरपी. तिथे लेखी तक्रार करता येते.

तक्रारीत राग लिहू नका, तारखा लिहा. संशोधनाचं नाव, संमतीपत्रावरची आवृत्तीची तारीख, सही केली तो दिवस आणि वेळ, तेव्हा खोलीत कोण होतं, दुभाषी होता का, काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही. म्हणूनच संमतीपत्राची प्रत सहीच्या दिवशीच मागून घ्या. ती मिळणं हा तुमचा हक्क आहे. सगळ्या पानांचे फोटो काढून घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा.

त्या रात्रीच्या मुलीने शेवटी समन्वयकेला एक तास मागितला आणि तो मिळाला. तासाभराने मला परत फोनवर जोडलं, तेव्हा तिच्याकडे सात प्रश्न लिहिलेले होते. तिसरा प्रश्न होता, "यात फायदा कोणाला?"